मेपलचे पान आणि करंजाडेचा तिरंगा : अभिमान रोजच्या जगण्यात रुजतो कसा?

पनवेल / प्रतिनिधी

राष्ट्राभिमान म्हटले की संचलने, भाषणे आणि युद्धकथा आठवतात. प्रत्यक्षात कोणत्याही समाजाची ओळख वर्षातल्या दोन राष्ट्रीय सणांपेक्षा उरलेल्या ३६३ दिवसांत अधिक घडत असते. ताटात काय वाढले जाते, मुले मैदानावर काय खेळतात, दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे आहेत आणि रस्त्याला कोणाचे नाव आहे, अशा साध्या गोष्टींतून ती आकाराला येते. पनवेलला लागून असलेल्या करंजाडेत ही घडण सध्या उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

एकेकाळी भातशेतीचे गाव असलेले करंजाडे आज सिडकोची वसाहत म्हणून ओळखले जाते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजारी बहुमजली इमारतींची दाटी झाली आहे. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा, कोकण आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी गृहनिर्माण संस्थांच्या आवारात ध्वजवंदन होते आणि त्यात सारेच सहभागी होतात. देशाशी असलेले नाते असे सहज व्यक्त होते. पण ज्या भूमीवर हा ध्वज फडकतो, तिच्याशी या नव्या रहिवाशांचे नाते कोणते, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नाही. हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे कॅनडालाही पडला आणि त्याने शोधलेली काही उत्तरे पनवेलकरांनी पाहण्याजोगी आहेत.

ध्वज घराघरांत कसा पोहोचला?

कॅनडाचा मेपलच्या पानाचा ध्वज तसा अलीकडचा. १९६५ पर्यंत तेथे ब्रिटिश निशाण कोपऱ्यात असलेला लाल ध्वज वापरात होता. पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी तो बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९६४ मध्ये संसदेत आणि संसदेबाहेर प्रचंड वादंग माजले. जुन्या ध्वजाखाली लढलेल्या सैनिकांना तो सोडवत नव्हता, तर फ्रेंच भाषक क्युबेकला त्या ध्वजात आपले काहीच दिसत नव्हते. अखेर १५ फेब्रुवारी १९६५ रोजी नवा ध्वज फडकला. कोणत्याही एका वंशाचे वा धर्माचे चिन्ह त्यावर नव्हते, होते फक्त एका झाडाचे पान. म्हणूनच ते पुढे पाठपिशव्यांवर, टोप्यांवर आणि किराणा मालाच्या वेष्टनांवर विनासायास जाऊन बसले.

भारतात तिरंगा सामान्य माणसाच्या हाती येण्यास बराच काळ जावा लागला. स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके नागरिकांना ठरावीक दिवस वगळता ध्वज फडकवण्याची मुभा नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने ही बंधने सैल केली. सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नवीन जिंदल खटल्यात दिला. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांना मान्यता मिळाली. जुलै २०२२ मध्ये रात्रीही ध्वज फडकत ठेवण्यास परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. करंजाडेसारख्या वसाहतींच्या सज्जांतून दिसणाऱ्या तिरंग्यामागे हा वीस वर्षांचा कायदेशीर प्रवास आहे.

ताटात आणि मैदानात

ध्वज दिसतो, पण ओळखीचा मोठा भाग न दिसणाऱ्या सवयींत असतो. कॅनडात हॉकीपटू टिम हॉर्टन याने १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात सुरू केलेले कॉफी-डोनटचे दुकान पुढे राष्ट्रीय सवय बनले. गंमत अशी, की २०१४ च्या विलीनीकरणानंतर या साखळीची सूत्रे मूळच्या ब्राझीलच्या गुंतवणूकदारांकडे गेली, तरी तेथील कॉफी ‘आपली’ मानली जाते. मालकी कागदावर बदलते, आपलेपणा मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीतून येतो. २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने आयातशुल्काचा बडगा उगारला आणि कॅनडाला आपले एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केली, तेव्हा हा आपलेपणा बाजारात उतरला. ग्राहक वस्तूंवरील मूळ देशाचे नाव तपासू लागले, दुकानांत स्वदेशी मालावर मेपलचे पान झळकले आणि अनेक प्रांतांनी अमेरिकी मद्य सरकारी दुकानांतून हटवले. लोकमान्य टिळकांच्या स्वदेशीच्या चतुःसूत्रीवर वाढलेल्या महाराष्ट्राला यात अनोळखी वाटावे असे काही नाही.

पनवेल-उरण पट्ट्यात अशा सवयींचे भांडार आगरी-कोळी समाजाकडे आहे. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आगरी हे नाव आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी या तीन व्यवसायांवर हा समाज उभा राहिला. तांदळाची भाकरी, सुकट, जवळा, चिंबोऱ्या आणि निवट्या हे त्याचे रोजचे अन्न. थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून लावली जाणारी पोपटी म्हणजे शेतावरचे स्नेहसंमेलनच. लग्नात धवलारीण गाते ते धवले, हळदीची रात्र, कार्ल्याच्या एकवीरेची पालखी आणि नारळी पौर्णिमा यांतून समाजाचे वर्ष आखले जाते. ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ करणारी आगरी बोली ही तर या साऱ्याची वाहक.

कॅनडात हिवाळ्यातील राष्ट्रीय खेळाचा मान हॉकीला आहे. १९९४ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र हॉकी मोठी झाली ती गोठलेल्या तळ्यांवर आणि वस्त्यांतील साध्या मैदानांवर. रायगडात हे स्थान टेनिस चेंडूच्या क्रिकेटला आहे. गावोगावच्या स्पर्धांना होणारी गर्दी पाहिली, की गावाचा अभिमान म्हणजे काय ते कळते. मैदानासाठी मात्र मोकळी जागा लागते आणि पोपटीसाठी वालाचे शेत. जमीन गेली, की तिच्यावर उभी असलेली सवयही हळूहळू जाते. करंजाडे परिसरातील खरा धोका हाच आहे.

नावात काय असते?

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध शेतकरी संघटित झाले, त्यांचे नेतृत्व जासई येथे १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या दि. बा. पाटील यांनी केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळासाठी दहा गावठाणे हलवावी लागली, तेव्हा साडेबावीस टक्क्यांची योजना आखली गेली. वडघर व वहाळ परिसरात पुनर्वसनाचे भूखंड देण्यात आले. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वरचे ओवळे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे या नावांचे मूळ ठिकाण आता उरलेले नाही.

या पार्श्वभूमीवर विमानतळाच्या नावाचा आग्रह समजून घ्यावा लागतो. जून २०२१ मध्ये मानवी साखळी आणि त्यानंतर सिडको भवनावरील मोर्चा यांतून हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी नोकरीची वा पैशाची नव्हती, तर ‘दिबां’च्या नावाची होती. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या दिवशी मात्र औपचारिक नामकरण झालेले नव्हते. बाहेरच्याला हा केवळ पाटीचा वाद वाटू शकतो. ज्यांच्या गावांची नावे नकाशावरून पुसली गेली, त्यांच्यासाठी ते एक नाव साऱ्या नावांच्या वतीने उभे आहे.

कॅनडातील एक योगायोग येथे बोलका आहे. टोरांटोचा विमानतळ १९३० च्या दशकात माल्टन या गावाच्या शेतजमिनींवर उभा राहिला आणि आरंभी त्याला त्या गावाचेच नाव होते. १९६० मध्ये ते नाव जाऊन शहराचे नाव आले. १९८४ मध्ये, जासईच्या गोळीबाराच्या त्याच वर्षी, त्याला ध्वज देणाऱ्या पिअर्सन यांचे नाव मिळाले. राष्ट्राचा नेता पाटीवर आला, पण शेतांच्या गावाचे नाव मागे पडले. विमानतळाच्या नावातून कोणाची आठवण जपायची, हा प्रश्न तेथेही होताच.

भूमीचे ऋण

कॅनडाचे उदाहरण सर्वस्वी आदर्श नाही. बहुसांस्कृतिकतेचे धोरण १९७१ मध्ये जाहीर करणाऱ्या याच देशाने मूळनिवासींच्या मुलांना कुटुंबापासून तोडून निवासी शाळांत ठेवले आणि त्यांची भाषा हिरावून घेतली. सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये आला. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. त्याहून लक्षवेधी आहे ती रोजची एक लहान प्रथा. अनेक शाळांत व सभांत कामकाजाच्या आरंभी, ती इमारत कोणत्या मूळनिवासी समाजांच्या भूमीवर उभी आहे, हे नाव घेऊन सांगितले जाते. नुसत्या उच्चाराने अन्याय मिटत नाही, अशी टीकाही तेथे होते आणि ती रास्त आहे. तरीही नवागताला भूमीचा इतिहास कळतो, एवढे या प्रथेचे श्रेय मान्य करावे लागते.

पनवेल परिसराला हा इतिहास शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच तालुक्यात आहे. पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि स्थानिक शेतकरी-आदिवासींनी प्राण वेचले. म्हणजे ज्या तिरंग्याला करंजाडेतील रहिवासी वंदन करतात, त्यासाठी किंमत मोजणाऱ्यांत या मातीतील माणसेही होती. स्थानिक अस्मिता आणि राष्ट्राभिमान यांना परस्परविरोधी मानणे येथे तरी इतिहासाला धरून नाही.

सांगली वा जळगावहून आलेल्या कुटुंबाने आपली बोली, आपले सण सोडावेत असा याचा अर्थ नव्हे. वसाहतीच्या ध्वजवंदनात चिरनेरचा उल्लेख व्हावा, चौकांना आणि बागांना विस्थापित गावांची नावे मिळावीत, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात धवल्यांना जागा असावी, शाळेत आगरी बोली बोलणाऱ्या मुलाला हसू नये, अशा गोष्टींना फार पैसा लागत नाही. मात्र धवले पाठ असलेल्या स्त्रिया वृद्ध होत आहेत आणि दहा गावांच्या सीमा ज्यांनी पायांनी ओळखल्या, ती पिढीही. त्यांच्याकडून ऐकून घेण्याचे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही, कारण तोवर सांगणारे कोणी उरलेले नसेल.