सात किलोमीटरची किंमत

ताशी ३२४ किलोमीटर. आकडा वाचून आपण पुढे सरकतो, कारण डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. त्याला ३.६ ने भागा, म्हणजे तो अंगावर येतो: सेकंदाला ९० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची. एका सेकंदात चार खेळपट्ट्या मागे पडतात आणि गाडी पाचवीच्या मध्याजवळ पोहोचते. फेरारीने १९८७ मध्ये आपल्या चाळिशीनिमित्त आणलेल्या एफ४० चा हा कमाल वेग. त्याच काळातल्या पोर्शे ९५९ चा ताशी ३१७.

फरक अवघा सातचा, पण हे सात फार महाग पडतात. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. ३१७ वरून ३२४ वर जायचं तर वेग जेमतेम सव्वादोन टक्के वाढतो, ताकद मात्र जवळपास सात टक्के जास्त लागते. ९५९ ची अश्वशक्ती ४५०, एफ४० ची ४७८, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडी जास्त. दोघींचे आकार वेगळे असूनही हिशेब इतका जवळ येतो, याचं मला फार नवल वाटतं.

एफ४० चं इंजिन फक्त २,९३६ सीसीचं. आठ सिलिंडर, दोन टर्बो. मिनिटाला ७,००० फेऱ्या होत असताना त्यात सेकंदाला सुमारे ४६७ स्फोट होतात. ९५९ च्या सहा सिलिंडरांत ६,५०० फेऱ्यांना ३२५.

पण खरी गंमत वजनात आहे. तेल-पाणी न भरता एफ४० भरते ११०० किलो. त्यासाठी गालिचा काढला, रेडिओ दिलाच नाही, दार आतून उघडायला नुसती दोरी. रंगाचा थरही इतका पातळ की खालच्या कार्बन-केव्हलारची वीण दिसते. आणि ब्रेकला ना एबीएस, ना पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा. ताशी ३२४ वर गाडीत साठलेली ऊर्जा ताशी १०० च्या साडेदहापट असते. थोडी हवा खाते. बाकीची ब्रेकच्या चकत्यांनी उष्णता करून सोडायची, तीही चालकाच्या पायातल्या बळावर. मला या गाडीतला सर्वांत धडकी भरवणारा आकडा हाच वाटतो.

९५९ चा रस्ता अगदी उलटा. चारही चाकांना ताकद, ती गरजेप्रमाणे पुढे-मागे वाटणारी यंत्रणा, एबीएस, टायरमधली हवा कमी झाली तर सांगणारी सोय, सहा गिअर. वजन गेलं १४५० किलोवर. तरीही शून्यापासून ताशी १०० ला ३.७ सेकंद, एफ४० ला सुमारे ४.१. ताकद असून उपयोग नाही, ती रस्त्यावर उतरली पाहिजे, आणि एफ४० ची मागची दोनच चाकं तिथे कमी पडतात. याच ९५९ ने १९८६ च्या पॅरिस-डकार शर्यतीत सहाराची वाळू तुडवून पहिला आणि दुसरा क्रमांक घेतला होता.

एफ४० ठरल्या होत्या चारशे, बनल्या तेराशेच्या वर. ९५९ तीनशेच्या आसपासच बनल्या, आणि ४,२०,००० मार्क किंमत लावूनही पोर्शेला प्रत्येक गाडीमागे तोटा झाला. कमाल वेगात फेरारी सात किलोमीटरने जिंकली. माझं मत मात्र ३.७ सेकंदांना.