लॉटरीतून निसर्गवारसा निधी

'''लॉटरीतून निसर्गवारसा निधी''' म्हणजे सोडतीच्या तिकीटविक्रीतून जमणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग वन्यजीव, त्यांचे अधिवास, पाणथळ जागा व भूरूपे यांच्या जतनासाठी बाजूला काढण्याची पद्धत होय. ब्रिटन, नेदरलँड्स तसेच अमेरिकेतील कोलोरॅडो व मिनेसोटा या राज्यांत ती रूढ आहे. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू असली, तरी तिचे उत्पन्न राज्याच्या सर्वसाधारण महसुलात मिसळते.

== परदेशांतील पद्धती ==

ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय लॉटरी स्थापन झाली व पहिली सोडत नोव्हेंबर १९९४ मध्ये निघाली. प्रारंभी तिकिटाच्या किमतीपैकी सुमारे २८ टक्के रक्कम सत्कार्यांसाठी राखली जाई आणि तिचा पाचवा हिस्सा वारशाच्या वाट्याला येई. म्हणजे एका पौंडामागे साधारण साडेपाच पेन्स. त्यातही जुन्या वास्तू व संग्रहालये हे निसर्गाचे वाटेकरी होतेच. हा निधी २०१९ पासून 'नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड' या नावाने ओळखला जातो. लॉटरीचा पैसा हा सरकारी खर्चाला पूरक असावा, त्याची जागा घेणारा नसावा, असे तत्त्व तेथे मानले जाते. मात्र अनुदान बहुधा मुदतबंद प्रकल्पाला मिळते. तळे साफ होते, निरीक्षण-मनोरा उभा राहतो. पुढील देखभालीचा प्रश्न संस्थेपुढे तसाच उरतो.

कोलोरॅडोचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे लॉटरीचे उत्पन्न उद्याने व मोकळ्या जागांऐवजी तुरुंगबांधणीसारख्या कामांकडे वळू लागले, तेव्हा १९९२ मध्ये मतदारांनी थेट राज्यघटनेतच दुरुस्ती करून 'ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो' हा न्यास निर्माण केला. मिनेसोटाच्या राज्यघटनेनुसार लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नाचे ४० टक्के पर्यावरण न्यासनिधीत जातात. नेदरलँड्समधील पोस्टकोड लॉटरीत (१९८९) खेळणाऱ्याचा पत्ता हाच त्याचा क्रमांक असतो. निसर्गसंस्था तिच्या मोठ्या लाभार्थी आहेत.

== भारत व महाराष्ट्र ==

केरळने १९६७ मध्ये देशातील पहिली राज्य लॉटरी सुरू केली. महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ रोजी तिचे अनुकरण केले. मटक्यासारख्या बेकायदा जुगाराला आळा घालणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. राज्यांनी चालविलेल्या लॉटऱ्या हा विषय संघसूचीत असून १९९८ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे नियमन होते. तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करावी, असे हा कायदा सांगतो. ती कोणत्या कामासाठी वापरावी हे तो सांगत नाही.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर एखाद्याने राज्य लॉटरीचे तिकीट घेतले, असे समजू. त्याच्या पैशातून बक्षिसे, विक्रेत्याचे कमिशन, छपाई व वस्तू आणि सेवा कर भागविला जातो. हा कर मार्च २०२० पासून २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. उरलेला पैसा तिजोरीत गेल्यावर त्याची वेगळी ओळख राहत नाही. फाट्याच्या उत्तरेस, बुलढाणा जिल्ह्यात, उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले लोणार सरोवर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या रक्षणावर खर्च झालेल्या रुपयांत त्या तिकिटाचा एखादा पैसा होता की नाही, हे हिशेबाच्या कोणत्याही वहीवरून शोधता येणार नाही.

राखीव हेतूची लॉटरी भारतीय कायद्यात बसत नाही, असे मात्र नाही. केरळची 'कारुण्य' लॉटरी २०११ पासून कर्करोग, हृदयविकार व मूत्रपिंडविकाराच्या गरीब रुग्णांच्या मदतनिधीसाठी चालविली जाते. जे रुग्णांसाठी घडले, ते माळढोकासाठी अजून कोणी करून पाहिलेले नाही.

== सध्याचे पर्यायी मार्ग ==

महाराष्ट्रात संवर्धनाचा पैसा अर्थसंकल्पाखेरीज मुख्यतः दोन वाटांनी येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २००६ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असते व पर्यटकांचे प्रवेशशुल्क तेथेच वापरता येते. राज्यातील सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी एकही मराठवाड्यात नसल्याने ही वाट या भागाच्या कामाची नाही. दुसरी वाट भरपाई वनीकरण निधीची. वनजमीन अन्य कामाला दिली की तिच्या मोबदल्यात ही रक्कम जमते आणि २०१६ च्या अधिनियमानुसार तिचे ९० टक्के राज्याकडे येतात. म्हणजे जंगल तुटले तरच हा निधी वाढतो.

== आक्षेप ==

लॉटरीचा भार श्रीमंतांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांवर प्रमाणाने अधिक पडतो, हा जुना व वजनदार आक्षेप आहे. विक्री घटली की निधीही घटतो; वनरक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावाच लागतो. यामुळे ज्या देशांत ही पद्धत आहे, तेथेही लॉटरीच्या पैशातून बहुधा जमीनखरेदी, अधिवास-सुधारणा यांसारखी एकरकमी कामे होतात.