मुंबईच्या घरात फोन लागत नाही?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री गावी आमच्या सासूबाईंना एकाएकी घेरी आली. धाकटे दीर घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहतात. त्यांना नऊ वेळा फोन लावला, पण दर वेळी ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’! भावोजी तर घरातच होते. निरोप पोचला तो सकाळी. सासूबाई बऱ्या झाल्या, पण चुटपुट राहिली. म्हणून दिवाळीत तिकडे गेले, तेव्हा आधी घरच तपासले.

उतारावरची खोली, वर पत्रा, मागे टेकडीचा कडा. फोनचा सिग्नल म्हणजे रेडिओलहरी. कौल व लाकूड यांतून त्या बऱ्याच पार होतात, सिमेंट-लोखंडाच्या भिंतीत क्षीण होतात, पत्र्यावरून तर परत फिरतात. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, तेव्हा उपनगरातली माणसे गच्चीवर चढून अँटेना वरळीच्या दिशेने वळवीत. शास्त्र तेच आहे, फक्त मनोरे आता जागोजागी आहेत.

आम्ही काय केले ते सांगते. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८० चांगला, उणे ११० अगदी कमजोर. फोन घेऊन घरभर फिरलो व कोपऱ्याकोपऱ्यातला आकडा वहीत लिहिला. कपाटामागे उणे ११४, खिडकीच्या फळीवर उणे ९५! ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी फरक पडतो.

आता फोनची जागा ती फळीच. रात्री तो तिथेच, घंटी मोठी करून. बोलायचे तर इअरफोन लावून. ५जी सारखे येत-जात असेल तर फोन ४जीवर ठेवावा. घरात वाय-फाय असेल तर सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे. फोन व कंपनी दोन्हींकडे ती सोय असली, की टॉवरचा सिग्नल नसतानाही नेहमीच्याच नंबरवर बोलता येते. शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीचा सिग्नल चांगला दिसला, तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. २०११ पासून ही सोय देशभर आहे.

दोन गोष्टी मात्र टाळा. फोनला तार गुंडाळून काही साधत नाही; आतल्या अँटेनाला ती जोडलेलीच नसते. आणि बाजारात मिळणारा ‘बूस्टर’ परवानगीशिवाय लावणे कायद्याने गुन्हा आहे. त्याने आपले काम झाले, तरी आजूबाजूच्या घरांचे फोन बिघडू शकतात.

भगिनींनो, एक काम आजच करा. मुंबईच्या मुलाच्या शेजाऱ्यांचा नंबर, शक्यतो दुसऱ्या कंपनीचा, मागून घ्या व भिंतीवर ठळक लिहून ठेवा. आमच्याकडे तो आता देवघराशेजारी आहे. त्या रात्री तो असता, तर भावोजी पहाटेच्या गाडीत बसले असते.