कातळात हाड नसतं

दख्खनच्या नदीत सापडलेला दगड कुणी पुढे केला, की मी आधी विचारते, आला कुठून? प्रवरा, गोदावरी, सिंदफणा, मांजरा, साऱ्या काळ्या कातळाच्या मुलखातून वाहतात. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात हाड कुठलं टिकायला! अपवाद आहेत. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांच्या गाळात गोगलगायींचे शंख दगड होऊन राहिले. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकातच जगापुढे आणले. पण प्रवरेकाठच्या नेवाशाच्या आसपास हाड किंवा दात मिळाला, तर तो कातळाचा नसतो. नदीने फार नंतर आणून टाकलेल्या गाळाचा असतो.

वाळूच्या उपशाने जिथं प्रवरेचं पात्र पार खरवडलं गेलंय, तिथं एका शेतकरीदादांनी खताची गोणी माझ्यासमोर पालथी केली. “ताई, ह्यातलं राक्षसाचं हाड कंचं, ते तेवढं सांगा.” राक्षस त्यांनी हसत हसत म्हटलं, पण नजर गोणीवरच होती.

गोणीतला निम्माअधिक ऐवज पाहताक्षणी बाजूला गेला. पट्ट्यापट्ट्यांचे अकीक, लाल जास्पर, गारगोट्या. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, ती पोकळी पुढे सिलिकाने भरली, कातळ झिजला आणि आतला टणक ऐवज मोकळा झाला. चाकूच्या टोकाने त्यावर ओरखडा उठत नाही. उलट चाकूचंच पोलाद दगडावर राखाडी रेघ सोडतं. पांढरे, चकाकणारे पापुद्रे निघाले ते झिओलाइटचे. तेही त्याच पोकळ्यांमधले, पण नरम. एका पातळ चिपेवर नेच्याच्या पानाची हुबेहूब नक्षी होती. दादांना ती सर्वांत मोलाची वाटत होती. भिंगाखाली पाहिलं तर ना शीर, ना देठ. दगडाच्या भेगेत झिरपलेल्या पाण्याने मँगनीज सोडलं, त्याचे फाटे फुटत गेले, इतकंच.

मग ‘अंडं’. गोल, गुळगुळीत, दोन्ही हातांत मावेल एवढं. कातळ भेगांवरून कुजत जातो, कोपरे आधी झिजतात, पापुद्रे सुटत जातात आणि मधे गोटा उरतो. डायनोसॉरची अंडी नर्मदेच्या खोऱ्यात खरोखर आहेत. धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांमधल्या २५६ अंड्यांचा शोधनिबंध २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. पण ती आहेत लाव्हाच्या खालच्या चुनखडकात. तो थर आपल्याकडे असलाच तर शेकडो मीटर कातळाखाली गाडलेला. तो प्रवरेच्या पात्रात वर येणार कसा? दादांनी गोटा परत गोणीत टाकला. तोंड जरा उतरलंच.

खरी परीक्षा असते ती चुन्याच्या नळ्यांची. बोटाच्या पेराएवढ्या, पांढुरक्या, मधे भोक असलेल्या. शंभरातले नव्वद जण याला हाड म्हणतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गाळात झाडाचं मूळ कुजलं, भोवती चुना साकळला, मूळ गेलं आणि नळी राहिली. लिंबू पिळलं तर फसफसते. पण जुन्या हाडाच्या छिद्रांतही चुना भरलेला असतो, तेही फसफसतं. तेव्हा लिंबावर निकाल द्यायचा नाही. जिभेला चिकटतं का पाहायचं, हा जुन्याजाणत्यांचा उपाय. सच्छिद्र हाड चिकटतं, पण भुसभुशीत चुनाही थोडाफार चिकटतोच. शेवटी मोडलेलं तोंड ओलं करून भिंगाखाली धरावं लागतं. हाडाला बाहेरून दाट, एकजीव भिंत असते आणि सांध्याकडच्या टोकाला आत बारीक जाळी. मुळाच्या नळीत चुन्याची कडी एकाभोवती एक बसलेली दिसतात.

सगळ्यांना हवा असतो हत्ती. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरजवळच्या हत्तीच्या जीवाश्मांवर भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५मध्ये लिहिलं, तेव्हापासून गोदाखोऱ्याला ही आशा लागून राहिली आहे. हत्तीची दाढ ओळखायला सोपी: पावाच्या स्लाइस एकीला एक चिकटवून उभ्या कराव्यात, तशा एनॅमलच्या चकत्या. गोणीत तसं काही नव्हतं. तळाला मात्र एक उंच, चौकोनी, तपकिरी तुकडा होता. वरच्या झिजलेल्या बाजूवर एनॅमलच्या चंद्रकोरी. घोड्याच्या दाढेवर याहून गुंतागुंतीच्या मुरडी असतात. ही बैलवर्गातली.

“मंजी आमच्या ढवळ्याचा दात?” दादा म्हणाले.

प्रश्न अगदी बरोबर होता. बॉस नमाडिकस हा दांडगा रानबैल या खोऱ्यात होता, तसेच हजारो वर्षं पाळीव बैलही इथं आहेत. आणि झिजलेल्या सुट्या दाढेवरून दोघांत निवाडा करणं अवघड. वजन आजच्या दाढेपेक्षा चांगलंच जड, पण तेवढ्याने भागत नाही. भिंग फिरवताना चंद्रकोरीच्या खाचेत अडकलेला ऐवज दिसला: भरड वाळू, अकिकाचा कण, सगळं चुन्याने घट्ट सांधलेलं. टाचणीने टोकरलं तरी निघेना. पात्रातली आजची वाळू अशी सांधलेली नसते.

दाढ घेऊन आम्ही दरडीशी गेलो. वर पिवळट गाळाची उभी भिंत, पायाशी चुन्याने बांधलेला गोट्यांचा थर. तोच भरडपणा, तोच रंग, तसेच अकीक. अशाच थरात पैठणजवळच्या मुंगी इथं वाइन या भूवैज्ञानिकाला १८६०च्या दशकात प्राण्यांच्या हाडांसोबत अकिकाचा छिलका मिळाला होता, माणसाने घडवलेला. नेवाशाच्या दगडी हत्यारांवर पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळियांनी मध्य पुराश्मयुगाची चौकट उभारली, तीही प्रवरेच्या अशा थरांमधूनच.

एवढ्याने दाढ याच दरडीची ठरत नाही. नदीने ती वरच्या अंगाहून आणली असेल. पण ढवळ्याची नाही, हे मी दादांना सांगून टाकलं. थरात आणखी एक पांढुरकं टोक डोकावत होतं. दादांनी खुरपं काढलं, मी हात धरला. उकरलं की थर गेला, थर गेला की वय गेलं. टोकाशेजारी पेन ठेवून फोटो काढला, वरच्या बाभळीपासून अंतर मोजलं, दरडीच्या माथ्यापासून खोली टेपने घेतली. दाढेवर पेन्सिलीने नंबर घातलेली चिठ्ठी बांधली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये दाखवायचं ठरलं.

“आन् तवर वाळूवाले आले तर?” दादांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच बाभळीच्या काट्यांची झुडपं ओढून आणली आणि दरडीच्या पायाशी आडवी टाकली.