दवाखान्यातला अनुभव : अर्जात काय लिहावे, काय लिहू नये

बारावीचे निकाल लागले की माझ्या दवाखान्यात पेशंटांबरोबर आणखी एक वर्ग येऊ लागतो. त्यांना ना ताप असतो ना खोकला. मुलासोबत वडील असतात, हातात फाईल असते आणि मागणी ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, आमच्या मुलाने तुमच्याकडे तीन महिने काम केले, असे दोन ओळींचे सर्टिफिकेट द्या. परदेशात अर्ज करायचा आहे." मुलगा बहुधा त्याच दिवशी प्रथम दवाखान्याची पायरी चढलेला असतो. अशी मागणी वाढत चालल्याने आज आजाराऐवजी अर्जाविषयी लिहीत आहे. विषय आरोग्याचाच आहे. उद्या आपली नाडी कोणी हातात घ्यायची, त्याची निवड कशी होते, हाच तर प्रश्न आहे.

इथली रीत, तिथली रीत

आपल्याकडे एम.बी.बी.एस. किंवा बी.डी.एस.च्या प्रवेशाला अनुभव विचारत नाहीत. नीट परीक्षेत ७२० पैकी किती गुण मिळाले, यावर सारे ठरते. पेशंटशी पहिली गाठ प्रवेशानंतर पडते. त्यामुळे "कामाचा अनुभव लिहा" असा रकाना समोर आला की आपली हुशार मुलेही गोंधळतात.

इंग्लंडमध्ये बारावीच्या पातळीवरच वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा अभ्यासक्रमांसाठी यूकास या संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. त्यात स्वतःविषयी लिहायला मोकळ्या जागा धरून एकूण ४००० अक्षरे मिळतात. पूर्वी हा एक सलग मजकूर असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत : हाच अभ्यासक्रम का हवा, शिक्षणातून कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली. अनुभवाची जागा मुख्यतः तिसऱ्या प्रश्नात आहे. त्यात काय केले एवढेच नव्हे, तर त्याचा उपयोग काय झाला, हेही विचारलेले असते. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, हेही लक्षात ठेवावे.

अमेरिकेत पदवी घेतल्यावर वैद्यकीय शिक्षण सुरू होते. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचा अर्ज अ‍ॅमकास या एकाच सेवेमार्फत जातो. तेथील अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत. त्यामुळे हा रकाना मुख्यतः तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांना भरावा लागतो. त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव नोंदवता येतात. प्रत्येकाला ७०० अक्षरे, म्हणजे साधारण शंभर इंग्रजी शब्द. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे तीन निवडून त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरे लिहिता येतात. शिवाय तारखा, एकूण तास आणि चौकशीसाठी एका माणसाचे नाव द्यावे लागते. म्हणजे लिहिलेले कोणी विचारणारच नाही, अशा भ्रमात राहू नये.

अनुभव कशाला म्हणावे ?

पुष्कळांना वाटते, मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन पाहिले तरच तो अनुभव. तसे नाही. डॉक्टरांजवळ बसून काम पाहणे हा एक प्रकार. पेशंटची प्रत्यक्ष काळजी घेणे हा दुसरा. केसपेपर काढणे, शिबिरात रांग लावणे यांसारखी पूरक कामे हा तिसरा. तिन्ही उपयोगी आहेत, फक्त एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये. पाहिले असेल तर "पाहिले" लिहावे, "केले" लिहू नये.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, पाठ लाल झाली आहे का ते पाहणे, तिला बसते करून मगच घोट घोट पाणी पाजणे, हे ज्या नातीने सहा महिने केले, तिच्याजवळ मोठा अनुभव आहे. ती मात्र तो "घरचेच काम" म्हणून अर्जात लिहीत नाही. इंग्लंडमधील वैद्यकीय महाविद्यालये वृद्धाश्रमातील सेवा आणि माणसांत मिसळून केलेले साधे कामही मोलाचे मानतात. तरी प्रत्येक महाविद्यालयाची अट वेगळी असू शकते. ती आधी वाचून घ्यावी.

लिहावे कसे ?

बहुतेक मुले असे लिहितात : "मी एका नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली तीन महिने काम केले. मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे. या अनुभवाने माझे आयुष्य बदलले." यातून वाचणाऱ्याला काय कळले ? काहीच नाही. हीच तीन वाक्ये कोणाच्याही अर्जात चिकटवता येतील.

आता हे पाहा : "बारा शनिवार, प्रत्येकी तीन तास, एकूण ३६ तास. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नावे नोंदवणे, केसपेपर काढणे, वजन करणे. एका मधुमेही आजोबांची पायाची जखम भरत नव्हती. गोळ्या रोज घेतो, असे ते डॉक्टरांना सांगत. बाहेर बाकावर मला म्हणाले, पैसे पुरत नाहीत म्हणून दिवसाआड घेतो. त्यांना विचारून मी ते डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी त्यांना मोफत औषधासाठी सरकारी दवाखान्यात पाठवले. गोळी लिहून देणे आणि ती पोटात जाणे यांत किती अंतर असते, हे मला त्या दिवशी कळले."

हा नमुना मी समजावण्यापुरता रचला आहे. तो उतरवून काढू नये. पण त्यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी तास आणि ठिकाण, मग स्वतःचे काम, मग एकच प्रसंग, शेवटी त्यातून काय उमगले ते. मुलाने पेशंटला बरे केले नाही, तसा दावाही केला नाही. त्याने नीट ऐकले. वैद्यकीत अर्धे निदान ऐकण्यातच असते. चाळीस प्रसंगांची यादी देण्यापेक्षा असा एक प्रसंग जास्त बोलतो.

तीन पथ्ये

पहिले पथ्य पेशंटच्या अब्रूचे. नाव, गाव, जात, धंदा, ओळख पटेल असे काहीही लिहू नये. आपल्यासारख्या गावात "पेठेतले शिंपीकाका" एवढे म्हटले तरी सगळ्यांना कळते. "एक वयस्कर गृहस्थ" पुरेसे आहे. फोटो तर काढूच नये. माझ्याकडे कोणी शिकाऊ मूल बसलेले असेल, तर मी पेशंटला आधी विचारतो, "हा बसला तर चालेल का ?" नाही म्हटले तर मूल बाहेर जाते. अनोळखी मुलगा समोर दिसला की बायाबापड्या खरे दुखणे सांगत नाहीत, पोटाचे दुखणे डोक्यावर ढकलतात. एका अर्जासाठी पेशंटचा आजार अंगावर राहावा, हे मला मान्य नाही.

दुसरे पथ्य हाताचे. इंजेक्शन देणे, टाके घालणे, सलाईन लावणे ही शिक्षण न झालेल्या मुलाची कामे नव्हेत. सुटीत परदेशाहून येणाऱ्या काही मुलांना वाटते, काकांच्या दवाखान्यात हे सारे करायला मिळेल आणि अर्ज वजनदार होईल. उलट होते. जे काम आपल्या देशात करण्याची परवानगी नाही ते दुसऱ्या देशात जाऊन करू नये, असे अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांना लेखी बजावले आहे. असे लिहिलेले वाचून निवड समितीचे मत वाईट होते. आणि ते झाले नसते, तरी आपले गरीब पेशंट कोणाच्या हाताच्या सरावासाठी नाहीत.

तिसरे पथ्य सर्टिफिकेटचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. पण मला नियमापेक्षा दुसरीच गोष्ट टोचते. ज्या व्यवसायात "ताप किती होता ?" याचे खरे उत्तर कागदावर असावे लागते, त्या व्यवसायाचे दार खोट्या कागदाने उघडायचे, तर पुढे केसपेपरवर काय लिहिले जाईल ? म्हणून मी असे सर्टिफिकेट देत नाही. पालक रागावतात, "दोन ओळींनी तुमचे काय जाते ?" म्हणतात. त्यांना मी इतकेच सांगतो, मुलाला शनिवारी पाठवा. जितके तास येईल तितके तास लिहून देईन, एक जास्त नाही, एक कमी नाही.

आपल्या गावात काय करता येईल ?

पुष्कळ करता येईल. वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी आया-बाळांना रांगेत बसवता येईल. रक्तदान शिबिरात नावनोंदणी करता येईल, रक्तदात्यांना चहा-बिस्किटे देता देता कोणाला चक्कर येत नाही ना, इकडे लक्ष ठेवता येईल. मोतीबिंदूच्या शिबिरात म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला जागेवर नेता येईल. शेजारच्या क्षयरोग्याला गोळ्यांची आठवण करता येईल, अर्थात त्याची हरकत नसेल तर.

यासोबत एक दोनशे पानी वही घालावी. रोज पाच ओळी पुरेत : तारीख, तास, काय केले, काय पाहिले, काय कळले नाही. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. दोन वर्षांनी अर्ज भरायला बसाल तेव्हा आठवणीवर विसंबावे लागणार नाही आणि तासांचा आकडा फुगवण्याचा मोहही होणार नाही. इंग्रजी कच्चे असेल तर आधी मराठीत लिहावे, मग शिक्षकांकडून इंग्रजी तपासून घ्यावे. दुसऱ्याकडून किंवा संगणकाकडून सबंध मजकूर लिहवून घेऊ नये. मुलाखतीत त्याच प्रसंगावर प्रश्न आला की बोबडी वळते.

ज्यांना परदेशी जायचे नाही, नीटच द्यायची आहे, त्यांनीही दहावीच्या सुटीत काही दिवस हे करून पाहावे. रक्त पाहून घेरी येते का, आजाऱ्याची चिडचिड सोसते का, तासन् तास उभे राहता येते का, हे कळेल. मन रमले नाही तर तेही वेळेवर कळलेले बरे. शिकवणीची भरमसाट फी आणि दोन-तीन वर्षे खर्ची पडल्यावर ते कळण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे. पालकांनीही मुलाला निवांत विचारावे, "तुला खरेच आवडले का ?" आणि उत्तर "नाही" आले तर ते ऐकून घ्यावे.