पुनःसंयोजित अलर्क प्रतिपिंड

अलर्क रोगाच्या (रेबीजच्या) व्हायरसाला निष्प्रभ करणारे, जननिक अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी प्रथिन. लस टोचल्यानंतर शरीरात स्वतःची प्रतिपिंडे निर्माण होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. तोवर जखमेतील व्हायरस तंत्रिकांत शिरू शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून पूर्वी लस न घेतलेल्या व्यक्तीस पिसाळलेल्या कुत्र्याने चावून रक्त काढले असल्यास लसीबरोबरच तयार प्रतिपिंडे जखमेत व तिच्याभोवती टोचतात.

पूर्वी ती प्रतिरक्षित घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तापासूनच मिळत. घोड्याच्या रक्तरसाने अधिहर्षता (ॲलर्जी) उद्‌भवू शकते. मानवी रक्तद्रव दुर्मिळ व महाग असतो. ही अडचण दूर करण्यासाठी मानवी प्रतिपिंडांची जनुके असलेल्या उंदरांच्या साहाय्याने अमेरिकेत ‘१७सी७’ हे प्रतिपिंड मिळविण्यात आले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायॉलॉजिक्स या संस्थेच्या सहकार्याने त्याचा विकास केला व २०१७ मध्ये ते भारतात ‘रॅबिशील्ड’ या नावाने उपलब्ध झाले. ते संवर्धित कोशिकांत तयार होते. व्हायरसाच्या पृष्ठावरील ग्लायकोप्रोटिनाला जखडून ते त्याचा कोशिकेतील प्रवेश रोखते. शरीराच्या दर किग्रॅ. वजनास त्याची मात्रा ३·३३ आंतरराष्ट्रीय एकके असते. मानवी रक्तद्रवातील प्रतिपिंडांची २०, तर घोड्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडांची ४० एकके लागतात.

हे प्रतिपिंड ग्लायकोप्रोटिनाच्या एकाच स्थानी जखडते. तेथे उत्परिवर्तन झाल्यास ते निष्फळ ठरू शकते. म्हणून निरनिराळ्या प्रदेशांतील व्हायरसांवर त्याची प्रयोगशाळेत पडताळणी करावी लागते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रतिपिंडांच्या वापराची शिफारस केली. जखम साबण व पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि लसीच्या सर्व मात्रा पूर्ण करणे यांना मात्र ते पर्याय नाही.