रिपोर्टवरच्या आकड्याचे राखणदार

घोटीत पावसाळा बसला की कुरिअर कधी येईल याचा भरवसा राहत नाही. तरीही महिन्यातून एकदा येणाऱ्या एका लहानशा खोक्याची मी वाट बघते. खोक्यात अंगठ्याएवढी काचेची बाटली असते आणि तिच्या तळाशी चिमूटभर पिवळट भुकटी. हे वाळवलेलं सीरम. रबरी बूच सावकाश काढायचं, नाहीतर भुकटी उडते. पिपेटने अगदी मोजून डिस्टिल्ड वॉटर सोडायचं. बाटली खळखळवायची नाही, तळहातात धरून हळूहळू फिरवायची, फेस येऊ द्यायचा नाही. अर्धा तास तशीच ठेवली की भुकटी पूर्ण विरघळते आणि ती बाटली रोजच्या पेशंटच्या सॅम्पलच्या रांगेत जाऊन बसते. साखर, युरिया, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल असं सगळं तिच्यावर करायचं आणि जे आकडे येतील ते पाठवून द्यायचे.

बाटलीतली उत्तरं आम्हाला ठाऊक नसतात. तीच बाटली देशातल्या हजारो लॅबमध्ये गेलेली असते. काही दिवसांनी निकाल येतो, आणि इतरांच्या तुलनेत घोटीची ही छोटी लॅब कुठे उभी आहे ते कागदावर दिसतं. असोसिएशन ऑफ क्लिनिकल बायोकेमिस्ट्स ऑफ इंडिया या संघटनेच्या सहकार्याने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा विभाग ही योजना चालवतो. रक्ताच्या काउंटसाठी आणि स्लाइडसाठी अशीच योजना रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर दिल्लीच्या एम्समधून चालते, आणि जंतूंच्या तपासण्यांसाठी मेडिकल मायक्रोबायोलॉजिस्टांच्या संघटनेची वेगळी. सहभागासाठी फी भरावी लागते, आमच्यासारख्या लॅबवर भाग घेण्याची सक्ती नाही. पण अशा योजना मुळात उभ्या राहिल्या त्या आपलं नेमून दिलेलं काम संपल्यावरही खुर्चीवर बसून राहिलेल्या माणसांमुळे. या लेखात मला त्या माणसांविषयी आणि त्यांच्यात आणखी कुणाकुणाला जागा आहे त्याविषयी सांगायचं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात झाली. बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी राज्यातल्या हॉस्पिटलांच्या लॅबना एकसारखे द्रव वाटले आणि उत्तरं मागवली. १९४७ साली त्यांचा अहवाल छापून आला. एकाच द्रवाच्या उत्तरांचा आपसात मेळच बसत नव्हता. नामांकित हॉस्पिटलांच्या चुका अशा उघड्यावर मांडणं सोपं नव्हतं. पण पुढे संडरमन यांनी स्वतः नियमितपणे लॅबना सॅम्पल पाठवण्याचं काम अंगावर घेतलं. आज जगभर एका लॅबने दुसरीला तपासण्याची जी रीत आहे, तिचं मूळ त्या खटाटोपात आहे. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संघटनेची लॅब-तपासणी आजही दुसऱ्या लॅबमध्ये काम करणारी माणसंच स्वयंसेवक म्हणून करतात. दिवसभर लॅबमध्ये राबणाऱ्यालाच दुसऱ्याच्या फ्रिजचं दार उघडून काय बघायचं ते कळतं.

आपल्याकडे इंडियन असोसिएशन ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स अँड मायक्रोबायोलॉजिस्ट्स ही संघटना १९४९ साली उभी राहिली. तिच्या उभारणीत डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं नाव अग्रभागी येतं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या लॅबची घडी बसवणारे, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हे पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या कॅन्सर आणि कुष्ठरोगावरच्या संशोधनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एकमेकांपासून तुटलेल्या लॅबमधल्या माणसांना एका जागी आणण्याचं त्यांच्या पिढीचं काम मला त्याच तोलाचं वाटतं. त्या काळात मुंबईतली माणसं परदेशातल्या लॅबशी किती जवळून काम करत, याचा दाखला १९५२ चा आहे. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना केईएम हॉस्पिटलमध्ये कुठल्याच गटात न बसणारं रक्त सापडलं. नमुने इंग्लंडला गेले, तिथल्या तज्ज्ञांनी ते तपासले, आणि ‘लॅन्सेट’मधल्या निबंधावर दोन्हीकडची नावं आली. बॉम्बे ब्लड ग्रुप आज जगभर त्याच नावाने ओळखला जातो.

आता घोटीतली गोष्ट. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. भाताच्या गिरण्या, कळसूबाईला आणि भंडारदऱ्याला जाणाऱ्यांची वर्दळ, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून औषधपाण्यासाठी येणारी माणसं. इथून नाशिक साधारण पस्तीस किलोमीटर. लॅब सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा एका शिबिरातून सॅम्पल आली. त्यातल्या एका शेतकऱ्याचं पोटॅशियम साडेनऊच्या वर दिसलं. हा आकडा म्हणजे हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. मी मशीन पुन्हा चालवलं. आकडा तोच. माणसाला तातडीने नाशिकला हलवायला सांगण्यासाठी मी फोन हातात घेतला. पण त्याआधी आमच्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठ मॅडमचा नंबर फिरवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कॅल्शियम किती आलंय गं?”

कॅल्शियम जवळजवळ नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, “त्याला बोलव, नवीन रक्त घे. कुणीतरी जांभळ्या बल्बमधलं रक्त लाल बल्बमध्ये ओतलंय.”

झालं होतं तसंच. लाल झाकणाच्या प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून रक्त घेणाऱ्या मुलाने जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमधलं थोडं त्यात ओतलं होतं. रक्त गोठू नये म्हणून त्या बल्बमध्ये असलेल्या औषधात पोटॅशियमच असतं, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून एक आकडा आभाळाला भिडला आणि दुसरा नाहीसा झाला. सकाळी शेतकरी भाताची आवणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनी लॅबमध्ये आला. नव्या सॅम्पलमध्ये त्याचं पोटॅशियम ४.२ होतं. त्या मुलाचा दोष मी धरला नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मॅडमनी रात्री साडेआठला माझा फोन उचलला याचा त्यांना एक रुपया मिळाला नाही. संघटनेच्या सभासदत्वाचा पहिला अर्थ मला त्या रात्री कळला.

दुसरा अर्थ कळायला वर्ष गेलं. जिल्ह्याच्या बैठकीत मी हा किस्सा सांगितला तेव्हा दोघा-तिघांनी आपापले असेच किस्से काढले. मग ठरलं की रक्त घेणाऱ्या मुलामुलींना रविवारी दोन तास शिकवायचं, फी न घेता. आम्ही शिकवतो ते फार अवघड नाही, पण ते कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. बल्ब कुठल्या क्रमाने भरायचे. साखरेच्या तपासणीचं रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्येच का घ्यायचं: साध्या बल्बमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर घटते, म्हणजे पाड्यावरून सॅम्पल येईतो मधुमेहाचा पेशंट कागदावर बरा झालेला असतो. रक्त सिरिंजने जोराने ओढलं की लाल पेशी फुटतात, सीरम लालसर होतं आणि पोटॅशियम पुन्हा खोटं वाढतं. सीरम वेगळं न करता रक्त तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तरी तेच. आमच्याकडे पावसात रस्ता बंद पडतो, लाइट जाते, आणि सॅम्पलचा डबा बर्फासकट कुठेतरी अडकून राहतो. ही आमची रोजची अडचण आहे, आणि तिच्यावरचे धडे मोठ्या शहरातल्या हॉटेलात भरणाऱ्या परिषदेत मिळत नाहीत.

परिषदांविषयी मला स्पष्ट बोललं पाहिजे. त्या हव्यातच. नवं ज्ञान तिथेच येतं, आणि त्या भरवायला संघटनेचे सभासद महिनोन्‌महिने राबतात. पण संघटनेत स्वयंसेवा करणं म्हणजे स्वागत समितीत नाव असणं, असा समज पसरला आहे आणि त्याने नुकसान होतं. तालुक्याच्या गावातला माणूस म्हणतो, आपल्याला तिथे काय काम? त्याला खरं तर सगळ्यात जास्त काम आहे.

संघटनेच्या कामाची दुसरी एक बाजू कोर्टकचेरीची. लॅबचा रिपोर्ट कुणाच्या सहीने बाहेर पडावा, या प्रश्नावर उत्तर गुजरातमधल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना वर्षानुवर्षं लढली, आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. महाराष्ट्रात मॅपम, म्हणजे महाराष्ट्र असोसिएशन ऑफ प्रॅक्टिसिंग पॅथॉलॉजिस्ट्स अँड मायक्रोबायोलॉजिस्ट्स, ही संघटना अनधिकृत लॅबविरुद्ध सरकारदरबारी पाठपुरावा करत आली आहे. निवेदनं लिहायची, तारखांना हजर राहायचं, कागद गोळा करायचे, आणि हे सगळं आपली लॅब सांभाळून. मी या लढ्याच्या बाजूने आहे. पण तो लढताना तंत्रज्ञाला शत्रू ठरवण्याची चूक आपल्यातल्या काहींनी केली, हेही खरं आहे. डीएमएलटी झालेली मुलगी सकाळी सातला येऊन मशीन सुरू करते, कंट्रोल लावते, स्लाइड रंगवते. तिच्या हाताशिवाय माझ्या सहीला काही अर्थ नाही. तिला संघटनेच्या कामात मानाची जागा मिळायला हवी आणि शिकवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव हवं, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते.

काही काम इतकं लांबचं असतं की ते कुणी केलं हे पेशंटला कधीच कळत नाही. आज घरोघरी मधुमेही माणसं ‘तीन महिन्यांची साखर’ तपासून घेतात. एचबीएवनसी सात आलं की वाईट वाटतं, साडेसहा आलं की पेढा वाटावासा वाटतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकाच रक्तावर दोन लॅब अगदी वेगळे आकडे देत. १९९३ साली मधुमेहावरच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाने या तपासणीचं महत्त्व सिद्ध केलं आणि त्याच वर्षी क्लिनिकल केमिस्ट्रीच्या अमेरिकन संघटनेने आकडे जुळवण्यासाठी समिती नेमली. त्यातून १९९६ साली प्रमाणीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ क्लिनिकल केमिस्ट्री या जागतिक महासंघाच्या कार्यगटाने त्याखाली आणखी पक्की संदर्भपद्धत रचली. अशा समित्यांवरचे शास्त्रज्ञ हे काम आपापल्या नोकऱ्या करत, वर्षानुवर्षं करतात. घोटीतल्या काकांचं ६.८ आणि त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचं ६.८ हे एकच, असं आज आपण म्हणू शकतो ते त्यामुळे.

घोटीत बसून जागतिक समितीवर जाणं कठीण. पण संघटनेच्या नियतकालिकांना लेख तपासून देणारे लागतात आणि ते काम कुठूनही करता येतं. मी करते. एका लेखावर तीन संध्याकाळी जातात, मानधन नसतं, आणि नाव कुठेही छापून येत नाही. त्याच तीन संध्याकाळींत मी जेवढं वाचते तेवढं एरवी महिनाभरात वाचत नाही.

आणि आता पाड्यावरचं काम: सिकल सेल. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली: चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार जास्त. पहिली तपासणी सोपी असते. रक्ताचा थेंब औषधाच्या द्रवात टाकायचा आणि नळी रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. सोपं आहे म्हणूनच फसवं. या तपासणीत वाहक आणि आजारी यांतला फरक कळत नाही, तान्ह्या बाळात ती विश्वासाची नाही, आणि हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर पॉझिटिव्ह असूनही रेघा दिसू शकतात. पुढची तपासणी झाल्याशिवाय कुणाही मुलीला ‘तुला सिकल आहे’ असं सांगता कामा नये. तिच्या लग्नाची बोलणी त्या एका वाक्यावर मोडतात. आरोग्यसेविकेबरोबर उभं राहून नळी कशी वाचायची आणि पेशंटला काय सांगायचं हे शिकवणारा माणूस पाड्यापर्यंत गेला पाहिजे. मला विचाराल तर आज संघटनेच्या सभासदाला याहून मोलाचं काम नाही. त्यासाठी मराठीत लिहिलेले, चित्रांचे तक्ते हवेत. संघटनांचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, आणि आरोग्यसेविका इंग्रजीत काम करत नाही.

बल्बच्या क्रमाचा तक्ता आमच्या लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीने मराठीत केला. झाकणांचे रंग तिने स्वतः रंगवले. तिने संघटनेच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि आठवड्याभरात तो आसपासच्या कितीतरी कलेक्शन सेंटरच्या भिंतींवर लागला.

यंदा पावसाळ्यात आलेल्या बाटलीत आमचं क्रिएटिनिन इतरांपेक्षा बरंच वर निघालं. निकालाचा कागद त्या तंत्रज्ञ मुलीनेच पहिल्यांदा वाचला. “मॅडम, रिएजंटची नवी लॉट लावली तेव्हा कॅलिब्रेशन केलं नव्हतं,” ती म्हणाली. तिने ग्रुपवर विचारलं तर तीच लॉट वापरणाऱ्या दुसऱ्या एका लॅबलाही तोच अनुभव. कॅलिब्रेशन केलं, कंट्रोल लावला, आणि फ्रिजमध्ये ठेवलेली पाच दिवसांची सीरम एकेक करून पुन्हा चालवली. तीन जणांचे आकडे बदलले. त्यांतल्या एका आजींना किडनीच्या डॉक्टरकडे पाठवायची घरच्यांनी तयारी केली होती. रात्री नऊपर्यंत तिघांनाही फोन झाले. सकाळी आजी आल्या, तिने त्यांचं रक्त पुन्हा घेतलं आणि त्यांना चहा पाजून बसवलं. तेवढ्यात मी नवीन रिपोर्टवर सही केली.